वैशाखाकडे पाहून

आमच्या स्वयंपाकघरातील फ्रिजच्या दारावर दरवर्षी १ जानेवारीला एक नवा कागद लागतो. घरातील तिघांचे नव्या वर्षाचे संकल्प त्यावर लिहिलेले असतात. २०२५ च्या कागदावर माझ्या नावापुढे चार ओळी होत्या : रोज दहा हजार पावले चालणे, गोड पूर्ण बंद, रात्री दहानंतर मोबाइल नाही आणि गॅलरीत घरापुरता भाजीपाला. चौथ्या ओळीसाठी आम्ही पहिल्याच रविवारी रोपवाटिकेतून २१ कुंड्या आणल्या. टोमॅटो, मिरची, वांगी, पालक, पुदिना, तुळस, कढीपत्ता, कोरफड आणि लेकीच्या हट्टाखातर स्ट्रॉबेरीसुद्धा. फेब्रुवारीपर्यंत गॅलरी अशी बहरली की शेजारी मुद्दाम पाहायला येत. मग मार्चमध्ये माझ्या कार्यालयात वर्षअखेरीची घाई सुरू झाली, एप्रिलमध्ये लेकीची परीक्षा आली आणि मे महिना लग्नकार्यांत गेला. जूनचा पहिला पाऊस गॅलरीत आला तेव्हा चार कुंड्या जिवंत होत्या : दोन तुळशीच्या, एक कढीपत्त्याची, एक कोरफडीची.

उरलेल्या तीन ओळींची कथा याहून निराळी नव्हती. नोव्हेंबरमध्ये मी नेहमीची रक्ततपासणी केली. उपाशीपोटी साखर ११२ आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारे एचबीएवनसी ६.१. "हा मधुमेह नाही, पण त्याचा उंबरठा आहे," डॉक्टर म्हणाले, "येथून मागे फिरता येते. मात्र आता फिरायला हवे." माझ्या वडिलांना हा उंबरठा कुणी दाखवला नव्हता, त्यांना मधुमेह असल्याचे कळले ते पायाची जखम भरेना तेव्हा. त्या जखमेचे ड्रेसिंग मी कित्येक महिने केले आहे. त्यामुळे नव्या वर्षाचा कागद समोर घेण्याची या वेळी मला भीतीच वाटू लागली. लिहिलेले पाळले जात नाही, हे आता कागदालाही ठाऊक झाले होते.

"यंदा कागद राहू दे," पत्नी म्हणाली, "श्रीवर्धनला मामांकडे जाऊन येऊ." श्रीवर्धन हे माझे आजोळ. २०२० च्या दिवाळीनंतर आम्ही तिकडे गेलो नव्हतो.

ताम्हिणी उतरून

पुण्याहून पौड, मुळशी करीत ताम्हिणी घाट उतरला की हवा बदलते. घाटमाथ्यावरची कोरडी थंडी मागे राहते आणि निजामपूर-माणगावपर्यंत अंगातले स्वेटर निघतात. कापणी झालेल्या भातखाचरांत नुसती धसकटे उरलेली, पण त्यांच्यामध्येच कोठे कोठे वालाचे हिरवे चौकोन दिसतात. भात निघाल्यावर जमिनीत जी ओल शिल्लक राहते, तिच्यावरच हा वाल वाढतो. त्याला वेगळे पाणी लागत नाही. माणगावहून म्हसळा, आणि म्हसळ्यापुढची वळणे संपता संपता समुद्राचा वास येतो.

श्रीवर्धन म्हटले की पर्यटकाला समुद्रकिनारा आठवतो, इतिहासाच्या अभ्यासकाला बाळाजी विश्वनाथ भट यांचे जन्मगाव आठवते आणि बाजारातल्या माणसाला सुपारी आठवते. श्रीवर्धनी रोठा सुपारीचे नाव फार जुने आहे. कोकण कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्रही याच गावात आहे. गावात शिरताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना दगडी गडगे आणि त्यांच्या आत वाड्या. वर नारळ, त्यांच्या सावलीत पोफळी, पोफळीच्या अंगावर चढलेली मिरवेल, खाली केळी आणि जमिनीलगत अळू, अननस, हळद. एकाच जागेत पाच-सहा मजल्यांचे बिऱ्हाड नांदावे तशी ही रचना असते. लहानपणी मे महिन्याच्या दुपारी आम्ही भावंडे वाडीत शिरलो की ऊन म्हणून काही असते याचाच विसर पडे.

तीच वाडी २०२० च्या दिवाळीत मी पाहिली तेव्हा वर नुसते आकाश होते.

पाच वर्षांपूर्वीचा बुधवार

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी, बुधवारी, रायगडच्या किनाऱ्यावर आले. मृग नक्षत्र लागायला चार-पाच दिवस होते. मामांच्या एक एकराच्या वाडीत तेव्हा सुपारीची सुमारे ३०० आणि नारळाची ४२ झाडे होती. दुपार टळली तेव्हा ३८ पोफळी आणि ९ माड उभे होते. घराची कौले परसात पडली होती. वीज परत यायला कित्येक आठवडे लागले. ऐन टाळेबंदीत आम्हाला तिकडे जाताही आले नाही, फोन लागला तो आठव्या दिवशी, आणि मामा फक्त एवढेच म्हणाले, "माणसे शाबूत आहेत."

पोफळीचे नुकसान हे भाताच्या नुकसानीसारखे नसते. भात पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते. सुपारीच्या रोपाला पहिले फळ धरायला पाच ते सात वर्षे लागतात. मामांचे वय तेव्हा ६९ होते. नाशिकला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाने सुचविले की आता वाडी विकावी आणि दोघांनी नाशिकला यावे. त्यात चुकीचे काही नव्हते. मामांनी ऐकून घेतले, आणि श्रावणात दीडशे रोपे लावली. ही रोपे कोठून विकत आणलेली नव्हती. आदल्या वर्षी झाडाखाली पडून आपोआप रुजलेली, झावळ्यांच्या ढिगाऱ्याखालून एकेक सोडवून काढलेली होती. दिवाळीत मी वाडी पाहिली तेव्हा दीडशेच्या दीडशे रोपे हिरवीगार उभी होती. त्या दृश्याने मी फार भारावलो होतो. पुण्याला परतल्यावर कित्येकांना मी ते सांगितले होते.

यंदा २९ डिसेंबरला संध्याकाळी आम्ही पोहोचलो. अंगणात सोललेल्या नव्हे, टरफलासकट केशरी सुपाऱ्या वाळत पडल्या होत्या. त्यांच्या कडेने वाट काढीत आम्ही ओटीवर गेलो. मामी म्हणाल्या, "हातपाय धुऊन घ्या, मग चहा." मामांच्या गुडघ्याला पट्टा होता. ते उठू लागले तसे मी त्यांना थांबविले.

विहिरीवरचा हिशेब

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता मामा वाडीत निघाले आणि मीही त्यांच्या मागे गेलो. पूर्वी विहिरीवर रहाट होता. बैल गोल फिरे आणि पोहऱ्यांचे पाणी दगडी पाटांतून साऱ्या वाडीत जाई. आता पंप आहे आणि काळ्या नळ्या आहेत. तरी विहिरीच्या कठड्यावर दोर आणि तांब्याची कळशी तशीच होती.

वाडीत पुन्हा सावली आली होती, पण ती एकसारखी नव्हती. काही झाडे डोक्याच्या खूप वर गेलेली, काही माझ्या उंचीची, काही गुडघ्याएवढी. मी मोजू लागलो. श्रावणातली दीडशे कोठे दिसेनात.

"मामा, तेव्हा लावलेली सगळी नाहीत ना?"

"साठ राहिली," ते म्हणाले. "नव्वद मेली."

"दिवाळीत तर सगळी जिवंत होती."

"दिवाळीत असायचीच रे. श्रावणात लावलेले दिवाळीपर्यंत जगते, त्यात आपली काय बढाई? आषाढ-श्रावणात काठी रोवली तरी तिला पालवी फुटते. झाड लावायचे ते वैशाखाकडे पाहून."

मग त्यांनी चालता चालता सांगितले ते असे. पोफळीला लहानपणी सावली हवी असते. मोठी झाडे पडल्यामुळे फेब्रुवारीपासूनच रोपांवर थेट ऊन येऊ लागले आणि पाने करपली. मार्चमध्ये वीज वारंवार जाऊ लागली. एप्रिलमध्ये घरात करोना शिरला आणि मामा-मामी दोघेही पंधरा दिवस अंथरुणाला खिळली. त्या पंधरा दिवसांत नव्वद रोपे गेली.

"चूक उन्हाची नाही आणि आजाराचीही नाही," मामा म्हणाले. "वैशाखात ऊन असणारच, आणि माणूस कधी ना कधी आजारी पडणारच. मी दीडशे लावली ती वाडी उजाड दिसत होती म्हणून. मनाला बरे वाटावे म्हणून लावली. किती झेपतील ते पाहिलेच नाही."

त्यानंतर त्यांनी नवा हिशेब मांडला. वीज नसेल, पंप बंद असेल आणि दोघांपैकी एक जण आजारी असेल, अशा दिवशी उरलेल्या एकाला विहिरीतून किती कळश्या काढून घालता येतील? पंधरा. एका रोपाला एक दिवसाआड एक कळशी. म्हणजे रोपे तीस. २०२१ च्या पावसाळ्यापासून ते दरवर्षी तीसच रोपे लावीत गेले, तीही आधी केळ लावून, तिची सावली तयार झाल्यावर, तिच्या आडोशाला. चार वर्षांत एकशेवीस झाली. त्यांतली सात-आठ सोडली तर सगळी उभी आहेत.

"आणि यंदा?"

"यंदा बारा. गुडघा सहाच कळश्यांचा राहिला आहे," मामा हसून म्हणाले.

पहिल्या साठांपैकी एका झाडाखाली ते थांबले. पानांच्या बेचक्याखाली नुकतीच पोय उकलली होती आणि आतून पिवळसर तुरा बाहेर आला होता. पाच वर्षे आणि चार महिन्यांनी आलेला पहिला फुलोरा. मामांनी त्याकडे दोन क्षण पाहिले आणि नळीचे तोंड पुढच्या आळ्याकडे वळविले.

मी मात्र तेथेच उभा राहिलो. माझ्या २१ कुंड्या आणि दहा हजार पावले मला आठवत होती. तेही सारे जानेवारीच्या उत्साहात, म्हणजे माझ्या श्रावणात, लावलेले होते.

मामींचे वाफे

घरामागे, न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर, मामींची परसबाग आहे. ती अवघ्या दोन चटयांएवढी असेल. न्हाणीचे आणि भांडी विसळल्याचे पाणी आधी केळीला आणि अळूला जाते. बाजूला शेवगा, पपई आणि मांडवावर तोंडली. पुढे चार लहान वाफे. एका वाफ्यात मुळा काढायला आलेला, दुसऱ्यात वीतभर माठ, तिसऱ्यात मेथीला नुकती दोन दोन पाने फुटलेली, आणि चौथा मोकळा, राख व शेणखत मिसळून ठेवलेला.

माझ्या पत्नीने विचारले, "हा रिकामा का?"

"तो पुढच्या पंधरवड्याचा," मामी म्हणाल्या. "सगळे एकदम पेरले तर सगळे एकदम तयार होते. मग चार दिवस तीच भाजी खाऊन घरातले कंटाळतात आणि उरलेली म्हातारी होते. पंधरा दिवसांनी एक वाफा पेरायचा. पानात रोज काहीतरी हिरवे पडते."

मेथी तीन-चार आठवड्यांत काढता येते, माठ साधारण महिन्याभरात, मुळ्याला दीड महिना लागतो. एवढे ध्यानात ठेवले की वर्षभर चक्र चालते. त्या दिवशी दुपारच्या पानात मुळ्याच्या पाल्याची भाजी, मुळ्याची कोशिंबीर, कुळथाचे पिठले आणि भात होता. भात मामींनी मला न विचारता थोडा वाढला आणि भाजी दुसऱ्यांदा वाढली. पत्नीने फोनवर त्यांना माझ्या तपासणीचे सांगितले असावे.

जेवणानंतर पानसुपारीचा डबा आला नाही. मामांनी सुपारी खाणे केव्हाच सोडले आहे. "या झाडाने आमचे घर चालविले, त्याचे उपकार आहेत," ते म्हणाले, "पण ती खाऊन तोंडे आखडलेली माणसेही मी याच गावात पाहिली." जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीची गणना कर्करोगकारक पदार्थांत केली आहे, तंबाखू नसली तरीही. म्हणून वादळानंतर मोकळ्या झालेल्या जागेत मामांनी सगळीकडे पोफळीच लावली नाही. जायफळाची सहा झाडे आहेत, कोकम आहे आणि उभ्या पोफळींवर मिरवेली चढविल्या आहेत. पूजेची सुपारी राहील, बाकीचे उत्पन्न हळूहळू मसाल्यांवर न्यावे, असा त्यांचा विचार आहे.

पोपटीच्या शेकोटीपाशी

३१ डिसेंबरला किनाऱ्यावर गर्दी होती आणि दुरून ध्वनिक्षेपक ऐकू येत होते. आम्ही वाडीतच राहिलो. रायगडात या दिवसांत पोपटी लावतात. मातीच्या मडक्यात तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, रताळी, बटाटे, वांगी, मीठ आणि ओवा. वरून पुन्हा पाला गच्च दाबायचा. मडके उपडे ठेवायचे आणि सभोवती वाळक्या झावळ्या पेटवायच्या. पाणी नाही, तेल नाही. अर्ध्या-पाऊण तासाने मामींनी ओल्या हाताने मडक्यावर पाणी शिंपडले, ते चर्रकन उडाले तेव्हा म्हणाल्या, "झाली."

शेंगा सोलता सोलता आठवीत शिकणाऱ्या आमच्या लेकीने मोबाइलवरची आपली यादी वाचून दाखविली. पहाटे पाचला उठणे, रोज एक तास गणित, गिटार, पोहणे, जर्मन भाषा. एकूण नऊ कलमे होती. मामा लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारले, "बाळ, तुला ताप आला, वीज गेली आणि दुसऱ्या दिवशी परीक्षा आहे, अशा दिवशी यातले काय होईल?"

ती बराच वेळ विचार करीत राहिली. मग म्हणाली, "गिटार. दहा मिनिटे. तेव्हा मला तेच बरे वाटते."

"मग ते लिही."

तिने बाकीची आठ कलमे पुसली नाहीत, खाली सरकविली. मामांनीही त्याला हरकत घेतली नाही. माझ्याकडे त्यांनी पाहिले, पण विचारले काही नाही. मी आपण होऊनच सांगितले, "रात्रीच्या जेवणानंतर वीस मिनिटे चालणे. मार्चमध्येही जमेल इतके." पत्नी म्हणाली, "मीही येईन. म्हणजे एकाला कंटाळा आला तर दुसरा ओढून नेईल." कळशीचा हिशेब तिने माझ्याहून नेमका ओळखला होता : दोघांपैकी एक पडला, तरी काम चालू राहिले पाहिजे.

परतल्यावर

निघताना मामींनी अळूचे चार कंद, गवती चहाचा एक ठोंब आणि पुरचुंडीत माठाचे बी दिले. मामांनी मिरवेलीचे एक फाटे देऊ केले. मी ते नाकारले. आमच्या गॅलरीत वैशाखातल्या दुपारी तीन तास तापलेले ऊन असते, तिला ते सोसणार नाही. मामांना नकार आवडला असावा.

पुण्यात आल्यावर आम्ही पहिल्यांदा गॅलरी मोजली. सकाळी कोणाला, किती वेळ आहे? आम्ही गावाला गेलो तर पाणी कोण घालणार? शेजारच्या आजी म्हणाल्या, सहा कुंड्यांना त्या घालतील. म्हणून कुंड्या सहाच आहेत. चार जुन्या, एक गवती चहाची, आणि अळूसाठी एक मोठा टब, ज्यात भाज्या धुतलेले पाणी जाते. याखेरीज दोन पसरट ट्रे आहेत. त्यांपैकी एकात मेथी पेरली आहे, दुसरा मोकळा आहे. तो पुढच्या पंधरवड्याचा. कोणी गावाला गेले तर ट्रे रिकामे राहिले तरी चालतील. मातीवर वाळक्या पानांचा थर दिला आहे, त्यामुळे ओल टिकते. पाणी घालण्यापूर्वी बोट मातीत दोन पेरे खुपसून पाहायचे, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही, एवढा एकच नियम लेकीने लिहून लावला आहे.

आपल्याही घरात असा एखादा कागद लागला असेल, तर त्यातल्या प्रत्येक ओळीपुढे तिचा वैशाख लिहून पाहावा. कोणाचा वैशाख मार्चमध्ये येतो, कोणाचा मुलांच्या परीक्षेत, कोणाचा घरातल्या आजारपणात. त्या दिवसांत जेवढे निभेल तेवढे आकड्यात लिहावे आणि त्या दिवशी आपल्या जागी कोण उभे राहील त्याचे नावही लिहावे. आकडा लहान निघाला तर लाजू नये. दरवर्षी तीस-तीस करीत मामांच्या वाडीत पुन्हा सावली आली आहे.

मी हे लिहितो आहे तेव्हा जानेवारीचे दोन आठवडे उलटले आहेत. वीस मिनिटे रोज चालतो आहे. एके रात्री पत्नीने ओढून नेले, एके रात्री मी तिला. जेवणानंतर थोडे चालले की साखर एकदम उसळत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. पुढची तपासणी एप्रिलमध्ये आहे. मेथीला चार पाने आली आहेत. यात बढाई मारण्यासारखे अजून काही नाही, कारण जानेवारीत सगळेच जगते. काल मामांचा फोन आला होता. साठांपैकी आणखी दोन झाडांना फुलोरा आला आहे. मग त्यांनी विचारले, "कुंड्या किती ठेवल्यास?"

"सहा," मी म्हणालो.

"बरे केलेस," ते म्हणाले. "वैशाखात येतो बघायला."